माया धरून

१२ जानेवारी

मापाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे लिहिते आहे. पुढच्या पानांवर माणसांच्या छात्या, कमरा, बाह्या आहेत. बहुतेक माणसं आता त्या मापात राहिली नसतील.

आज घराचा नकाशा आला. इंजिनियर बाई लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. मापं मी दिली होती, त्यांनी रेघा सरळ केल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, हा कागद आठवडाभर भिंतीवर लावा. शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. घरातल्या प्रत्येकानं मनात येईल ते लिहायचं. भिंती कागदावर असतात तोवरच हलतात."

कागद फ्रीजशेजारी टाचण्यांनी लावला. पेन्सिलीला दोरा बांधला.

पाच माणसांचं घर. मी, हे, सासूबाई, लेक आणि माझे बाबा. बाबा अजून दुकानामागच्या खोलीत राहतात. पन्नास वर्षं त्यांनी तिथे कोट कापले. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. दुकान दोन वर्षं बंद आहे आणि मालकानं वर्षअखेरीला जागा मागितली आहे.

आणखी एक खोली आहे, माझी, कापायची. वीस वर्षं मी पुढच्या खोलीत जमिनीवर गुडघे टेकून कापते आहे. गुडघे आता ऐकत नाहीत. नव्या घरात बाबांचं टेबल येणार. नऊ फूट लांब, चार फूट रुंद. त्या टेबलावर त्यांनी मला कधी कापू दिलं नाही. मी काजं करायचे, टाचण्या वेचायचे. खोली मी टेबलावरून बेतली : नऊ फूट टेबल, दोन्ही टोकांना फिरायला दीड-दीड फूट. बारा. भिंतीपलीकडे बाबांची खोली, दहा.

१३ जानेवारी

इंजिनियर बाईंना काल माया म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्या हसल्या. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतो ती माया. अंग सुटलं की तिथलं उसवून कपडा सैल करता येतो. भिंत म्हणजे शिवणच. ती जागा खाते. म्हणून मी भिंतीची माया आधी धरून मग खोलीचं माप सांगते.

किती धरायची याचा बाबांचा नियम आहे. वाढत्या अंगाला तीन बोटं, भरल्या अंगाला दोन, म्हाताऱ्याला नको. म्हातारं अंग वाढत नाही, आटतं. लहानपणापासून हाच नियम हातात बसला आहे. आकडे सांगताना विचार करावा लागत नाही.

१६ जानेवारी

लेकीनं पहिलं लिहिलं : 'माझ्या खोलीला आतून कडी. कपाट भिंतीत.' भिंतीतल्या कपाटासाठी अर्धा फूट लागेल. त्याच रांगेतल्या बाबांच्या खोलीतून घेतला. साडेनऊ. त्यांना काय, एक खाट, एक ट्रंक.

लेक जेवताना म्हणाली, "आजोबा बाथरूमला कुठून जाणार? बोळातून वळून? त्यांना वळणं कशी कळणार?"

म्हटलं, "तू तुझ्या कडीचं बघ."

हल्लीच्या मुलांना सगळ्यातलं कळतं.

१९ जानेवारी

सासूबाईंनी स्वतः लिहिलं नाही, मला लिहायला लावलं. बोळ रुंद हवा. "तू आणि मी, दोघी समोरासमोर आलो तर एकीनं मागे जायचं का? मी तर जाणार नाही." बोळासाठी अर्धा फूट. बाबांची खोली नऊ.

मग म्हणाल्या, "आणि व्याह्यांना एवढ्या लांब मोरी?"

माझ्या बापाचं काहीही सासूबाईंना लांबच असावंसं वाटत असेल असा माझा समज होता. आता तीही तक्रार. मी उठून ओट्याशी गेले.

हे टपाल कार्यालयातून आल्यावर कागदासमोर पाच मिनिटं उभे राहिले. पत्र वाचावं तसा वाचला. मग मला विचारलं, "मास्तरांच्या खोलीत दुसरी खुर्ची बसेल का?"

"कशाला दुसरी?"

"बसेल का ते विचारतोय."

मी बाबांच्या खोलीत किती वेळ घालवणार याचा हिशोब आत्तापासून चालला आहे. म्हटलं, "नाही बसणार."

"बरं," म्हणाले आणि पेन्सिल हातात घेतली. मी आत गेले. परत येऊन पाहिलं तर कागदावर त्यांचं काहीच नव्हतं. हा त्यांचा स्वभाव. तोंडावर बोलायचं नाही, लिहायचंही नाही.

२० जानेवारी

कागद उतरवला. सगळ्यांचे शेरे स्वच्छ उतरवून इंजिनियर बाईंना पाठवले. एक शेरा माझाही : इस्त्रीचं टेबल कुठे? त्याला एक फूट हवा. कापायची खोली तेरा. बाबांची आठ.

आठ फूट कमी नाही. दुकानामागची खोली सातचीच आहे.

२८ जानेवारी

बाबांकडे गेले. भिंतीवरचा कागद, पेन्सिल, सगळं सांगितलं. त्यांना गंमत वाटली.

"म्हणजे ट्रायल," म्हणाले.

"तसंच."

"कुरकुर केली का सगळ्यांनी?"

"भरपूर."

"मग राहतील. ज्याला घालायचं असतं ते गिऱ्हाईक ट्रायलला कुरकुर करतं. इथे ओढतंय, तिथे झोळ आहे. 'छान आहे' म्हणून निघून जातं ते गिऱ्हाईक कपडा न्यायला येत नाही. माझ्या कपाटात असे अकरा कोट आहेत, टाचणे."

टाचणी हे माझं नाव, त्यांनी ठेवलेलं. शेहेचाळीस वर्षांची टाचणी.

म्हणाले, "माझ्यापर्यंत नाही आला तो कागद."

"तुम्हाला दिसणार कसा?"

"हो. तेही आहेच."

परत येताना वाटलं, कागद दिसत नसेल तर कापड हाताला लागेल.

४ फेब्रुवारी

चार संध्याकाळी लागल्या. जाड सुती कापडावर घर शिवलं. एका फुटाला पाव इंच. भिंतींच्या जागी आत दोरी घालून वर टाका. दारांच्या जागी दोरी तोडली. खिडक्यांना काजं केली, कोटाला करतात तशी, कडेनं भरून.

लेक बघायला आली. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं आणि बाबांच्या खोलीत थांबली.

"इथे बोट वळत नाहीये गं."

"तुझं बोट जाड आहे," म्हटलं.

ती हसली नाही.

५ फेब्रुवारी

बाबांनी कापड मांडीवर घेतलं. आधी काठ चाचपला, उभा-आडवा धागा पाहिला. मग दारातून आत शिरले. बोटानं घरभर फिरले. मी शेजारी बसून सांगत होते, ही पुढची खोली, हा बोळ, ही सासूबाईंची. खिडकीशी थांबले.

"काजं नीट आहेत."

शाळेत होते तेव्हापासून मी त्यांच्यासाठी काजं केली. हे त्यांनी आज पहिल्यांदा म्हटलं.

माझ्या खोलीत त्यांचं बोट बराच वेळ होतं. "ही मोठी कोणाची?"

"माझी. कापायची. तुमचं टेबल येणार इथे."

"टेबल," म्हणाले. "नऊ आणि वर चार." मोजलं होतं त्यांनी.

मग भिंतीपलीकडे गेले. एकदा या भिंतीला बोट लागलं, एकदा त्या. भिंतीची शिवण त्यांनी चिमटीत धरून पाहिली, गिऱ्हाइकाच्या काखेत पाहतात तशी.

"ही माझी का?"

"हो."

"इथे माया धरलेली नाही."

मी म्हटलं, कापडावर दाखवायला धरली नसेल, नकाशात आहे. मला तरी तसंच वाटतं.

"माझाच नियम आहे," ते म्हणाले. मला संदर्भ लागला नाही. नंतर म्हणाले, "छान आहे."

"आवडली?"

"छान आहे की. कापड राहू दे माझ्याकडे. पाठ करतो घर."

बाबांना आवडलं. सगळ्यांत कमी त्रास त्यांनी दिला. 

१४ फेब्रुवारी

इंजिनियर बाई आल्या. नकाशा पक्का करण्याआधी एक शंका, म्हणाल्या.

"ताई, बाकी सगळ्या खोल्यांत तुम्ही भिंतीचे नऊ इंच धरून माप दिलंय. आजोबांच्या खोलीत नाही. तिथे भिंत आतून जाते. आठ लिहिलंय, आतून सव्वासात भरते. खाट लावली की दार पूर्ण उघडणार नाही."

मी कागद पाहिला. लेकीची खोली, सासूबाईंची, आमची, माझी कापायची, सगळ्यांना नऊ इंच जास्त. एका खोलीला नाही. माझ्याच अक्षरात.

"मुद्दाम केलं असेल तर ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, चुकून राहिलं असेल."

सांगितलं, बघून कळवते.

त्या गेल्यावर मला आठवलं की मी चुकले नव्हते. हात चुकत नाही. म्हाताऱ्याला माया नको, या नियमानं मी आकडा सांगितला होता.

१५ फेब्रुवारी

आज काही कापलं नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा पुन्हा मोजते आहे. रांग तेवढीच आहे, तिच्यात वाढ नाही. बाबांना द्यायचं तर कोणाचं तरी कमी करायचं. लेकीचं कपाट काढावं तर ती बोलून दाखवणार. बोळ अरुंद केला तर सासूबाई जन्मभर आठवण देतील. उरते माझी खोली. पण तेरातून दोन काढले तर टेबल आत येतं आणि मी बाहेर राहते.

सगळ्यांचे शेरे या खोलीकडेच बोट दाखवत आले. मोरी लांब, वळण अवघड, दुसरी खुर्ची. सरळ कोणी म्हटलं नाही की तुझी खोली मोठी आहे. वीस वर्षं जमिनीवर बसल्यावर एक टेबल मागितलं आहे.

हे लिहून वाचलं. खरं आहे. तरी वाचवेना.

२३ फेब्रुवारी

बाबांनी कापड परत दिलं. घडी घालून, इस्त्री केल्यासारखं.

"सुधारलंय," म्हणाले.

उलगडलं. माझ्या आणि त्यांच्या खोलीमधली भिंत त्यांनी उसवली होती. टाका न टाका, कापडाला ओरखडा न येता. डोळस माणसाला जमणार नाही असं. आतली दोरी काढून गुंडाळून सोबत दिली होती. मधे नुसती टाक्यांची भोकं राहिली होती, दोन रांगांत. खोली एकच झाली होती, एकवीस फुटांची.

"आता टेबल बसतं आणि तू फिरतेस."

"आणि तुम्ही?"

"माझा जुना कारागीर आहे ना. त्याच्या दुकानात माळा आहे. ये म्हणाला."

"माळ्याला जिना असेल."

"आठच पायऱ्या आहेत. मोजल्यात."

म्हणजे जाऊन आले होते.

मी ओरडले नाही. विचारलं, "तुम्हाला खोली आवडली होती ना? छान आहे म्हणालात."

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "म्हणालो की."

मग अकरा कोट आठवले. कापड घेऊन घरी आले.

२४ फेब्रुवारी

यांच्याशी भांडले. आधी कापड समोर टाकलं.

"घ्या. झालं तुमच्या मनासारखं. येत नाहीत बाबा."

"माझ्या मनासारखं?" यांनी कापड उचललं. भोकांवरून अंगठा फिरवला.

"खुर्ची बसेल का, म्हणून कोणी विचारलं होतं?"

"मी."

"मी तिथे जाऊन बसते की काय याची काळजी."

"तू कधी बसणार? तू मशीनवर असतेस." हे आवाज चढवत नाहीत. टपालात तीस वर्षं खिडकीत बसून तो गेला आहे. "खुर्ची मला हवी होती. संध्याकाळी त्यांना पेपर कोण वाचून दाखवणार? खाटेवर दोघं पाय लोंबकळत बसू का?"

"मग लिहायचं होतं कागदावर."

"लिहिलंय की."

"एक अक्षर नव्हतं तुमचं."

हे उठले, टेबलाच्या खणातून तो कागद काढला आणि उलटा केला. मागे त्यांच्या बारीक अक्षरात चार ओळी होत्या. 'मास्तरांची खोली कमी पडते, दोन फूट वाढवावी. दार बाहेर उघडावं. मोरीपर्यंत भिंतीला कठडा, हात धरायला. दुसरी खुर्ची.' खाली लेकीनं लिहिलं होतं : 'हो.' त्याखाली सासूबाईंचं मोठं वाकडं अक्षर : 'बरोबर आहे. माझं मोठं कपाट नको, ती जागा व्याह्यांना.'

"मागे कोण लिहितं?" मी विचारलं.

"पाठवणाऱ्याचा पत्ता मागेच लिहितात," हे म्हणाले.

तिघांनी तो कागद उलटून वाचला होता. कापडाची उलटी बाजू बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही.

२५ फेब्रुवारी

सासूबाईंना विचारलं, कपाट नको हे मला का नाही सांगितलंत.

"सांगायला तू जागेवर कुठे असतेस? काही म्हटलं की टाचणी टोचल्यासारखी उठून जातेस." मग भाजी निवडत म्हणाल्या, "मोरी लांब आहे असं म्हणाले तर तुझं तोंड एवढं झालं. अगं, त्यांना दिसत नाही. मला दिसतं तरी मी रात्री दोनदा दारावर आपटते."

त्यांचं कपाट दुसऱ्या रांगेत आहे. त्याचा बाबांच्या खोलीला उपयोग नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

१ मार्च

टेबल मोजायला दुकानात गेले. सुताराकडून कापून आणायचं असं ठरवलं होतं. सगळं ठरवून टेबलापाशी उभी राहिले आणि हात लावला तेव्हा कळलं की मला ते कापायचं नाही. कड बाबांच्या कमरेपाशी झिजून आत गेली आहे. तिथे मी उभी राहिले तर ती खोलगट जागा माझ्या पोटाशी येते.

बाबा दारात खुर्चीवर होते. "काय मोजतेस?"

"टेबल."

"नऊ आहे. तुला माहीत आहे."

मी खाली वाकले, पाय कुठे आहेत ते बघायला. मग आत शिरले. इतक्या वर्षांत टाचण्या वेचायला शेकडो वेळा त्या टेबलाखाली गेले असेन, पण वर कधी पाहिलं नव्हतं. सात फुटांवर फळीला जोड होता. पुढची दोन फूट फळी वेगळ्या लाकडाची, खालून दोन पट्ट्या आणि लाकडी पाचर मारून बसवलेली.

"बाबा, इथे जोड आहे."

"आहे."

"कधी केला?"

"तू झालीस तेव्हा. जमिनीवर टाचण्या असायच्या. तुला ठेवायचं कुठे? तुझ्या आईनं सुतार बोलावला. ती इथे बसून काजं करायची, तू त्या टोकाला, मी या टोकाला कापायचो." मग म्हणाले, "कात्री चालू असेपर्यंत झोपायचीस. थांबली की उठायचीस. मी कोट संपल्यावरही नुसतीच हवेत चालवायचो."

मी टेबलाखालीच होते. तिथून विचारणं सोपं गेलं.

"तुम्ही मला याच्यावर कापू दिलं नाहीत."

"नाही दिलं."

मी वाट पाहिली. 

बाहेर आले, गुडघे झटकले. बाबा म्हणाले, "पाचर ठोकलीस की निघेल. सात उरतील. कोट सातात बसतो. तू व्हायच्या आधी मी सातातच कापायचो."

"का काढायचं?"

"मग मोजतेस कशाला?"

मी पाचर ठोकली नाही. घरी आले.

४ मार्च

लहानपणी माझा एकच फ्रॉक चार वर्षं चालायचा. बाबा दर वर्षी थोडी माया उसवायचे आणि फ्रॉक सैल व्हायचा. पण जुन्या शिवणीची रेघ तशीच दिसायची, आधीच्या वर्षीची, त्याआधीचीही. शाळेत मुली त्या रेघा मोजायच्या. मला वाटायचं, माझ्यासाठी नवं कापड घ्यायचं नाही म्हणून हे चाललंय.

फ्रॉकला तीन बोटं माया होती. वाढत्या अंगाला तीन.

आज दुकानात जाऊन पाचर ठोकली. हातोडी नव्हती, कात्रीच्या मुठीनं ठोकली. बाबा दारातच होते. फळी निघाली तेव्हा आवाज झाला. त्यांनी मान वळवली नाही.

इंजिनियर बाईंना फोन केला. माझी कापायची खोली अकरा. बाबांची दहा. दार बाहेर उघडणारं. बोळात कठडा.

"आणि भिंतीचे नऊ इंच?"

"ते दहात धरलेत. आतून सव्वानऊ."

६ मार्च

कापडावर भिंत पुन्हा शिवली, अर्धा इंच सरकवून. जुनी भोकं बुजत नाहीत. नखानं घासली, पाणी लावलं, इस्त्री फिरवली. राहिलीच.

बाबांना नेऊन दिलं. त्यांनी आधी भोकंच चाचपली.

"हाताला लागतात."

"लागू द्या."

"येतो असं म्हटलेलं नाही मी."

"नाही म्हटलंत."

कारागिराचा माळा अजून तयार आहे, असंही सांगितलं त्यांनी.

२२ मार्च

आज जागेवर आखणी. इंजिनियर बाईंनी खुंट्या रोवून दोऱ्या बांधल्या आणि पांढऱ्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर काढलं. उद्या खोदायला माणसं येणार. बाई म्हणाल्या, "काही सांगायचं असेल तर आज. उद्यापासून हलणार नाही."

लेक तिच्या खोलीत उभी राहून नसलेली कडी लावत होती. सासूबाई बोळातून दोनदा गेल्या आणि दुसऱ्यांदा मला समोर बोलावलं. दोघी एकमेकींच्या बाजूनं निघून गेलो. "बरा आहे," म्हणाल्या.

हे बाबांना घेऊन आले, कोपराला धरून. यायला तयार नव्हते म्हणे. यांनी सांगितलं, पेपर तिथे बसून वाचू. खरंच पेपर आणला होता, आणि दोन घडीच्या खुर्च्या.

दारातून आत, बोळ, डावीकडे. बाबांनी कापड पाठ केलेलं होतं, सांगावं लागलं नाही. त्यांच्या खोलीत आल्यावर यांनी हात सोडला. बाबा पावलाला पाऊल लावत एका रेघेपासून दुसरीपर्यंत गेले. फक्की चपलेला लागली. परत आले. मग मधोमध उभे राहून दोन्ही हात आडवे केले आणि सावकाश एकदा गोल फिरले, ट्रायलला गिऱ्हाईक फिरतं तसे. त्यांचे हात कशाला लागले नाहीत. लागायला तिथे भिंत नव्हतीच.

 मी 'छान आहे' ऐकायची तयारी करून उभी होते.

"खिडकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या समोर."

"ऊन कधी येणार?"

"दुपारनंतर," इंजिनियर बाई म्हणाल्या.

"चुकलंय. मला उजेड तेवढाच कळतो. तो सकाळी कळायला हवा. दिवस संपत आल्यावर कळून काय करू?" मग दाराकडे वळले, कडी कोणत्या बाजूला ते बाईंना विचारून घेतलं. "आणि कडी या बाजूला कशाला? माझा डावा हात भिंतीवर असतो. उजव्यानं कडी काढायची तर अंगावरून हात न्यावा लागतो. काखेत ओढतं."

बाई लिहून घेत होत्या.

बाबा माझ्या खोलीकडच्या रेघेपाशी गेले. वाकून हातानं फक्कीची रुंदी पाहिली.

"ही भिंत किती?"

"नऊ इंच," मी म्हटलं.

"जाड आहे. पलीकडचं काही ऐकू येणार नाही."

"पलीकडे मीच असणार, बाबा. कापत. ऐकण्यासारखं काय आहे त्यात?"

बाबा भिंतीपलीकडे, जिथे टेबल येणार तिथे, तोंड करून उभे राहिले. इंजिनियर बाई म्हणाल्या की मधली भिंत आहे, तिच्यावर भार नाही, साडेचार इंची चालेल.

घरी आल्यावर या वहीची पुढची पानं उघडली. बाबांच्या मापाचं पान काढलं. छाती दर वर्षी अर्ध्या इंचानं कमी होत गेली आहे. त्याखाली लिहिलं : खिडकी सकाळच्या बाजूला. कडी उजवीकडे. मधली भिंत पातळ.

निघताना त्यांना विचारलं होतं, आणखी काही आहे का.

"पुष्कळ आहे," म्हणाले. "उद्या सांगतो."